कडक बुश की मऊ बुश? उत्तर जागेवर अवलंबून

गाडीचे इंजिन किती अश्वशक्तीचे, टायर किती रुंद, याची चर्चा हौशी वाहनधारक तासन् तास करतात. ही सारी शक्ती रस्त्यापर्यंत नीट पोहोचू देणारे रबराचे लहानसे नळकांडे मात्र बहुधा दुर्लक्षितच राहते. गॅरेजच्या भाषेत त्याला बुश म्हणतात. सस्पेन्शनचा आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, तिथे आर्म आणि बोल्ट यांच्यामध्ये तो बसवलेला असतो. बुश फाटला की गाडी सरळ रस्त्यावरही भरकटते, ब्रेक लावताच एका बाजूला ओढते आणि खड्ड्यातून जाताना खालून खट्कन आवाज येतो. तो बदलायची वेळ आली की प्रश्न पडतो, पुन्हा रबरच घालावे की पॉलियुरेथेन, डेलरिन वा थेट धातू? वेगवान गाड्यांच्या शौकिनांत 'जितका कडक तितका चांगला' असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा महागात पडू शकतो.

मूळ कंपनीचा बुश म्हणजे आतली पोलादी नळी, बाहेरची पोलादी नळी आणि दोहोंना घट्ट चिकटवलेले रबर. चाक वरखाली होते तेव्हा हा बुश बेअरिंगप्रमाणे घरंगळत नाही, रबर आतल्या आत पिळवटते. काहीच सरकत नसल्याने त्याला ग्रीस लागत नाही, धूळ आत शिरत नाही आणि रस्त्याची थरथर रबरातच जिरते. अडचण अशी, की पिळवटणारे रबर आडव्या जोरानेही दबते. वळणावर टायर जमीन धरून ठेवतो, गाडीचे वजन बाहेर झेपावते आणि आर्म जागचा हलतो. चालकाने मागितलेला कोन आणि चाकाला मिळालेला कोन यांत फरक पडतो.

हा फरक किरकोळ वाटेल, पण हिशेब करून पाहावा. चाकाला वळवणारा स्टीअरिंग आर्म १४० मिलिमीटर लांबीचा धरला, तर त्याच्या टोकाशी अवघ्या १ मिलिमीटरची हालचाल म्हणजे चाकाच्या दिशेत सुमारे ०.४ अंशाचा बदल. व्हील अलाइनमेंट करताना टो-इन अंशाच्या दशांशांत मोजला जातो. म्हणजे यंत्रावर काटेकोर लावलेले अलाइनमेंट वळणावर एका मिलिमीटरच्या रबराने पुसले जाते.

म्हणूनच कडक बुश वापरायचाच असेल, तर पहिला मान स्टीअरिंगचा. अनेक गाड्यांत स्टीअरिंग रॅक रबरी बुशांवर टेकवलेला असतो आणि वळताना तो आधी स्वतःच किंचित आडवा सरकतो. या बुशाला कोणतीही फिरती हालचाल करायची नसते, रॅक जागेवर धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. तिथे पॉलियुरेथेन वा अॅल्युमिनियम बसवल्याने काही अडकत नाही. किंमत मोजावी लागते ती हातांना. खड्ड्यांचे हादरे स्टीअरिंगमध्ये अधिक जाणवतात.

सस्पेन्शनचे गणित इतके सोपे नाही. जर्मनीतील पोर्शे ९११ हे त्याचे उत्तम उदाहरण. १९६४मध्ये उत्पादन सुरू झालेल्या या मोटारीच्या मूळ पिढीत, म्हणजे १९८९पर्यंत, कॉइल स्प्रिंगऐवजी पिळाचे दांडे म्हणजे टॉर्शन बार होते. टाय-रॉडच्या आतल्या टोकाचा सांधाही साध्या ९११मध्ये रबरात बसवलेला होता. कंपनीच्याच ९११ टर्बोवरील टाय-रॉडमध्ये तिथे धातूचा बॉल जॉइंट असल्याने जुन्या ९११चे मालक आजही प्रथम तो बदल करतात. किरकोळ खर्चात स्टीअरिंगची अचूकता वाढवणारा हा बदल आहे.

पुढचा लोअर आर्म एकाच अक्षाभोवती वरखाली फिरतो. या जागी अनेकांनी पॉलियुरेथेन घातले आणि पस्तावले. पॉलियुरेथेन नळीला चिकटवलेले नसते, त्याला तिच्यावर सरकावे लागते. माप किंचित घट्ट झाले तर आर्म चिकटून चिकटून हलतो, जॅकवरून उतरवलेली गाडी कधी कधी आधीच्या उंचीवर येतच नाही, ग्रीस संपताच करकर सुरू होते. अशा वेळी स्प्रिंग कडक झाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात घर्षण वाढलेले असते. घर्षणाने अडलेले चाक उंचवट्यावरून टायरला रस्त्याला चिकटू देत नाही, म्हणजे पकड वाढण्याऐवजी घटते. यावर निघालेला उपाय बोलका आहे. काही सुटे भाग बनवणाऱ्यांनी पॉलियुरेथेनच्या आत पोलादी नळी आणि कांस्याचे बेअरिंग बसवले, ग्रीस भरण्यासाठी निपल दिले. आडवी हालचाल बंद, फिरणे मात्र मोकळे. निव्वळ कडकपणापेक्षा ही विभागणी महत्त्वाची.

९११च्या मागच्या बाजूला धोका खरा आहे. इंजिन मागच्या धुरीच्याही मागे असल्याने वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकते आणि मागचा भाग बाहेर फेकला जाऊ पाहतो. सेमी-ट्रेलिंग आर्मचे जुने, सैल रबर त्याच क्षणी चाकाला बाहेरच्या दिशेला वळू देत असेल, तर गाडी गोल फिरायला वेळ लागत नाही. इथे झिजलेला बुश तसाच ठेवणे म्हणजे उगाच जोखीम. मात्र या आर्मची हालचाल निखळ एका अक्षाभोवतीची नाही. त्याला जोडलेली स्प्रिंग प्लेट थोडी वाकते, पिळवटते. अशा जागी सर्व बाजूंनी दाबून धरणारा कडक प्लास्टिकचा बुश अडसर ठरतो. एक तर नवे रबर हवे, नाही तर सर्व दिशांना झुकू शकणारे गोलाकार बेअरिंग. शर्यतीच्या गाड्या दुसरा मार्ग घेतात. त्यांना गोंगाटाची पर्वा नसते आणि झिजलेले बेअरिंग वेळोवेळी बदलले जाते.

रबर म्हणजे केवळ तडजोड, असेही नाही. १९७७मध्ये आलेल्या पोर्शे ९२८च्या 'वायसाख' धुरीत मागच्या सस्पेन्शनला हेतुपुरस्सर लवचीक ठेवले होते. वेग कमी होताना चाकावर मागे खेचणारा जो जोर येतो, त्यानेच चाक आतल्या बाजूला वळावे आणि गाडी स्थिर राहावी, अशी ती रचना. अशा गाडीत सरसकट कडक बुश घालणारा मालक अभियंत्यांनी दिलेली सुरक्षितता पैसे मोजून काढून टाकतो.

पदार्थांतील फरकही हवामानाने बदलतात. नायलॉन टणक आणि स्वस्त, पण ते पाणी शोषते. पूर्ण भिजल्यावर वजनाच्या ८ ते ९ टक्क्यांपर्यंत पाणी घेऊन फुगते. बेताच्या मापाचा नायलॉन बुश मुंबईच्या जुलैत अडकू लागला तर नवल नाही. डेलरिन, म्हणजे अॅसिटल, पाणी अत्यल्प शोषते आणि स्वभावतःच गुळगुळीत असते, त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरणाऱ्या सांध्यासाठी ते चांगले. मात्र ते थरथर जवळजवळ जिरवत नाही. पॉलियुरेथेनमध्येही दोन जाती आहेत. पॉलिएस्टर जातीचे ओलाव्याने हळूहळू विघटते, पॉलिईथर जातीचे टिकते. दुकानदाराला लाल की निळा यापेक्षा हे विचारणे अधिक उपयोगाचे. रंगाचा कडकपणाशी ठरावीक संबंध नसतो. धातूच्या गोलाकार बेअरिंगची मर्यादा म्हणजे चिखल आणि धूळ. शिवाय रबर जो धक्का गिळत होते, तो आता वेल्डिंगच्या जोडांना बसतो.

आपल्याकडील छोट्या हॅचबॅक अधिक चपळ करू पाहणाऱ्यांनाही हेच तर्क लागू पडतात. पुढच्या एल आकाराच्या लोअर आर्मचा मागचा बुश अनेक गाड्यांत उभा बसवलेला असतो. चाक वरखाली होताना तो फिरत नाही, तर तिरका होतो. खड्ड्यात आदळलेल्या चाकाला किंचित मागे जाऊ देण्याचे कामही त्याच्याकडेच असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर सर्वांत आधी फाटतो तोही बहुधा हाच, आणि नेमका तोच कडक करण्याचा मोह होतो. रोजच्या वापराच्या गाडीत इथे कंपनीचे नवे रबरच घालावे. बहुतेकदा 'स्टीअरिंग सैल वाटते' ही तक्रार नव्या रबरानेच दूर होते, कारण तुलना दहा वर्षे जुन्या, तडकलेल्या रबराशी केली जात असते.

नवे रबर बसवताना होणारी एक चूक मात्र टाळायला हवी. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी जमिनीवर येताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट आधी हातानेच धरवावेत, चाकांवर गाडीचे वजन आल्यावर पूर्ण ताकदीने आवळावेत आणि त्यानंतरच अलाइनमेंट करून घ्यावे.