दक्षिणेचा किनारा, गोल्फचा हंगाम (भाग ६) : जूनमध्ये निघा

या आठवड्यात ग्रीन फीचा हिशेब मांडायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला अल्गार्व्हमध्ये असलेल्या पेनिना या गोल्फ मैदानाचा उल्लेख वाचून आमच्याच शांती नगरमधल्या एका वाचक बाईंनी पत्र पाठवलंय, आणि त्यांचा प्रश्न हिशेबाच्याही आधी सुटायला हवा. त्या मीरा रोडला राहायला आल्या तेव्हा इमारतींच्या पलीकडे मिठागरं आणि भाताची खाचरं होती. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की कुठली जमीन पाण्याखाली जाते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या विचारतात, पेनिनाचं मैदान जर भातशेतीच्या जमिनीवर उभं असेल तर पावसात त्याचं काय होतं? पुढे सहज म्हणून त्यांनी विचारलंय की मुलगा आणि सून नाताळच्या सुट्टीत अल्गार्व्हला जायचं म्हणताहेत, तेव्हा पाऊस नसतोच ना?

असतो. वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस तिथे नेमका तेव्हाच असतो.

मुंबईच्या माणसाच्या हे एकदम लक्षात येत नाही. हिवाळा म्हणजे कोरडा आणि स्वच्छ, हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. भूमध्य हवामानाचा क्रम याच्या उलट आहे. उन्हाळ्यात अझोर्स बेटांजवळचा जास्त दाबाचा प्रदेश उत्तरेकडे सरकतो, बळावतो आणि अटलांटिकवरून येणारी पावसाची वादळं वरच्या वर इंग्लंड-आयर्लंडकडे वळवतो. हिवाळ्यात तोच प्रदेश दक्षिणेला उतरतो, वाट मोकळी होते आणि पोर्तुगाल-स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर पाऊस येतो. नोव्हेंबर-डिसेंबर हे तिथले सर्वात ओले महिने. जून ते ऑगस्टमध्ये मात्र आकाशातून जवळजवळ थेंब पडत नाही.

या पावसाचं मान मात्र आपल्या मानानं फार थोडं आहे. अल्गार्व्हची राजधानी फारो. तिथे वर्षभरात साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझला एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरहून जास्त पडतो. २६ जुलै २००५ला तिथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे फारोच्या वर्षभराच्या पावसाहून कितीतरी जास्त. त्यामुळे डिसेंबरची सहल पार वाहून जाईल असं नाही. तिथे एक-दोन दिवस पाऊस लागतो, मग काही दिवस लख्ख ऊन पडतं आणि दुपारी पारा १६-१७ अंशांवर जातो. पण सहा दिवसांच्या सहलीतले दोन दिवस पावसात गेले तर आधी पैसे भरून राखलेल्या टी-टाइमचं (खेळ सुरू करण्याच्या वेळेचं) काय, हा प्रश्न उरतोच.

पेनिनाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, मला ती फार प्रिय आहे. सर हेन्री कॉटन यांनी ब्रिटिश ओपन तीनदा जिंकली : १९३४, १९३७ आणि १९४८. १९३४च्या ओपनमधली त्यांची ६५ फटक्यांची फेरी इतकी गाजली की डनलॉपनं आपल्या चेंडूला ‘डनलॉप ६५’ असं नाव दिलं. साठच्या दशकात या माणसाला पोर्तीमाऊंजवळ एक सपाट, चिखलाची, भातशेतीची जमीन दाखवण्यात आली आणि इथे गोल्फचं मैदान करा असं सांगण्यात आलं. ना चढ, ना उतार, खाली हात घातला की पाणी. त्याआधी अल्गार्व्हमध्ये अठरा होलचं गोल्फ नव्हतंच. फारोचा विमानतळ १९६५मध्ये सुरू झाला आणि पेनिना १९६६मध्ये. युरोपभर ‘अल्गार्व्ह म्हणजे गोल्फ’ हे समीकरण तिथून रुजलं.

कॉटन यांनी पाण्याशी भांडण मांडलं नाही. मैदानभर चर खणले, पाण्याला वाट आणि तळी दिली, आणि हजारो झाडं लावली. त्यांत निलगिरी भरपूर. निलगिरी जमिनीतलं पाणी किती ओढते हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. आपल्याकडे हीच तक्रार म्हणून ऐकू येते. कॉटन यांनी त्याच गुणाचा उपयोग केला. आज पेनिनाच्या फेअरवेच्या दोन्ही बाजूंना उंच झाडांच्या भिंती दिसतात. त्या शोभेसाठी उभ्या केलेल्या नाहीत, ती जमीन कोरडी ठेवण्यासाठीची योजना होती. पुढे पोर्तुगीज ओपन अनेकदा याच मैदानावर झाली.

कॉटन स्वतः तिथेच राहू लागले. त्यांची बॅग वाहायला पासिफिको नावाचं एक गाढव होतं, आणि ते त्यांच्यासोबत फेरी मारायचं. पोर्तुगालमधल्या १९७४च्या क्रांतीनंतरच्या धामधुमीत त्यांना पेनिना सोडावं लागलं, पण ते परत आले. १९८७मध्ये ते गेले आणि त्यांना पेनिनापासून जवळच्याच मेशिल्योएरा ग्रांदे गावात पुरलं गेलं. ज्या जमिनीला कुणी हात लावला नसता तिच्यावर एका माणसानं उरलेलं आयुष्य लावलं. गोल्फच्या मैदानांचे वास्तुकार म्हणून मोठमोठी नावं घेतली जातात, पण माझ्या लेखी पेनिनाइतकं धाडसाचं काम त्यांतल्या फार थोड्यांनी केलं आहे.

तेव्हा बाईंना उत्तर असं. पेनिना पाण्याखाली जात नाही, पण पावसानंतर तिथली सपाट जमीन हळूहळू वाळते आणि चेंडू पडेल तिथेच थांबतो. हिवाळ्यातच जायचं असेल तर जमीन पाहून मैदान निवडा. फारोच्या पश्चिमेला किंता दो लागो, सान लोरेन्सो आणि वाले दो लोबो आहेत. हा पट्टा छत्रीसारख्या पाइनचा आणि वाळूच्या जमिनीचा. पाणी भराभर खाली उतरतं आणि रात्री पाऊस पडून गेला तरी सकाळी चेंडू धावतो. सान लोरेन्सोचे काही होल रिया फोर्मोजाच्या खाजणाला लागून आहेत. भरती-ओहोटीची ती चिखलवाट आणि पक्ष्यांची वर्दळ पाहून उत्तन-भाईंदरच्या माणसाला लगेच घरचं वाटेल. डिसेंबरमध्ये खेळणाऱ्यानं नियमावलीतले दोन नियम मात्र तोंडपाठ करून जावं. १६.१मध्ये साचलेल्या पाण्यातून चेंडू विनादंड बाहेर घेता येतो. १६.३मध्ये आपल्याच फटक्यानं चिखलात रुतलेला चेंडू उचलून पुसून ड्रॉप करता येतो. हे नियम माहीत नसलेला पाहुणा चिखलात क्लब आपटत फटके वाया घालवतो.

आता माझं खरं म्हणणं सांगतो. ‘हिवाळ्यातलं उबदार गोल्फ’ ही कल्पना मुळात आपली नाहीच. ती मँचेस्टर, डब्लिन आणि स्टॉकहोमच्या माणसांची. त्यांची घरची मैदानं थंडीनं आखडलेली असतात, दुपारी चार वाजता अंधार होतो. त्यांना १६ अंशांचं ऊन म्हणजे स्वर्ग. प्रवास कंपन्यांची माहितीपत्रकं त्यांच्यासाठीच लिहिलेली असतात आणि आपण ती जशीच्या तशी वाचतो. टीव्हीवर हा किनारा बहुतेकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिसतो, त्यामुळे समज आणखी पक्का होतो. जीव मिल्खा सिंग यांनी २००६मध्ये स्पेनमधल्या वाल्डेरामाला व्होल्वो मास्टर्स जिंकली ती ऑक्टोबरच्या अखेरीस. आदिती अशोकनं २०२३मध्ये मार्बेयाच्या लास ब्रिसासवर स्पॅनिश ओपन जिंकली ती नोव्हेंबरमध्ये. दोन्ही विजय आपल्या खेळाच्या इतिहासातले मोठे आहेत, पण त्यांच्या तारखांवरून आपण आपली तारीख ठरवू नये.

मुंबईकराचा हंगाम वेगळा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथेच उत्तम खेळता येतं. चेंबूरचं प्रेसिडेन्सी असो की सिडकोचं खारघर, तेव्हा सकाळची हवा सुरेख असते. जून ते सप्टेंबर मात्र आपली मैदानं पाण्यानं भरलेली, कार्ट बंद, फेअरवे रुतणारे. आपल्याकडे खेळ थांबतो तेव्हाच अल्गार्व्हचा आणि अंदालुसियाचा किनारा ठणठणीत कोरडा असतो. मग घरचा चांगला हंगाम सोडून तिकडच्या पावसात का जायचं? आपला पावसाळा सुरू झाला की निघावं. माझी पसंती जूनच्या पहिल्या पंधरवड्याला. फारोला तेव्हा दुपारचा पारा साधारण २५-२६ अंशांच्या आसपास असतो आणि दमट हवेचा त्रास नसतो. मीरा रोडच्या मे महिन्यातून गेलेल्या माणसाला ते ऊन मवाळच वाटेल.

दुसरा लाभ उजेडाचा. फारो ३७ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरमध्ये तिथे पावणेआठच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचच्या आत सूर्य बुडतो, म्हणजे दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा. उशिरा सुरू केलं तर अठरावा होल अंधारात. जूनमध्ये सूर्य सव्वासहाला उगवतो आणि जवळजवळ नऊला मावळतो. बरेच क्लब दुपारनंतर कमी दरात खेळू देतात. जूनमध्ये चार वाजता सुरुवात करूनही अठरा होल उजेडात पुरे होतात, वर सकाळ कुटुंबाबरोबर समुद्रावर घालवता येते. गोल्फ न खेळणाऱ्या घरच्यांसाठी याहून चांगली वाटणी नाही. स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे असल्यानं मालागाकडे तर साडेनऊच्या पुढेही उजेड असतो. दोन देशांच्या सीमेवरच्या ग्वादियाना नदीवरचा १९९१चा पूल ओलांडून जाणाऱ्यांनी हा एक तास लक्षात ठेवावा. नदीपलीकडच्या क्लबचा टी-टाइम त्यामुळेच चुकतो.

तिसरी गोष्ट गवताची, आणि ती कुठलीही कंपनी सांगत नाही. दक्षिण युरोपात उन्हाळ्याचं गवत म्हणून जे बर्म्युडा लावतात ती आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ऊन हे तिचं बळ. थंडी पडली की ती झोपी जाते आणि तपकिरी पडते. म्हणून कित्येक मैदानांवर शरद ऋतूत तिच्यावर राय गवताचं बी पेरतात आणि हिवाळ्यात त्या रायचीच हिरवळ दिसते. पेरणीचे ते दोन-तीन आठवडे खेळायला वाईट. वर्षातून एक-दोनदा ग्रीनवर नळ्यांनी भोकं पाडून वाळू भरण्याचं कामही असतं, तेव्हा पटिंगची मजाच जाते. हरळी जूनमध्ये पूर्ण जोमात असते. चेंडू तिच्यावर उभा राहतो आणि मुंबईच्या खेळाडूला ती ओळखीची वाटते.

जुलै-ऑगस्टमध्ये जावं का? शक्यतो नाही. मालागाला तेराल नावाचा वारा डोंगराकडून समुद्राकडे सुटतो आणि पारा ४० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. जिब्राल्टरजवळच्या सोतोग्रांदेला पूर्वेचा लेवांते दिवसेंदिवस थांबत नाही. शिवाय तेव्हा साऱ्या युरोपची सुट्टी, खोल्या महाग.

कोरड्या हंगामाची एक बाजू मात्र डोळ्यांआड करू नये. जिथे पाऊस पडत नाही तिथे मैदान हिरवं राहतं ते दिलेल्या पाण्यावर. २०२४च्या सुरुवातीला दुष्काळामुळे अल्गार्व्हमध्ये शेतीच्या पाण्यात २५ टक्के आणि पर्यटनासह शहरी वापरात १५ टक्के कपात लावली गेली होती. काही मैदानं सांडपाणी शुद्ध करून वापरतात, काही अजून नाही. आपल्याकडेही सिंधुदुर्गाला टेकलेल्या गोव्याच्या तेरेखोलमध्ये गोल्फ रिसॉर्टचा प्रकल्प आला तेव्हा जमीन आणि काजूच्या बागांसाठी गावकरी उभे राहिले होते, आणि त्यांचं म्हणणं मला पटलेलं आहे. नळाला पाणी किती वेळ येईल याकडे लक्ष ठेवून वाढलेल्या मीरा-भाईंदरच्या माणसानं हा प्रश्न क्लबला विचारायलाच हवा. शुद्ध केलेलं सांडपाणी वापरणाऱ्या मैदानाला मी चार युरो जास्त देईन.

डिसेंबरची तिकिटं ज्यांनी काढूनच ठेवली आहेत त्यांनी नाराज होऊ नये. वाळूच्या पट्ट्यातली मैदानं घ्या, टी-टाइम दहाच्या सुमाराचा ठेवा आणि पावसाचा एक दिवस सहलीत आधीच धरा. त्या दिवशी साग्रेशच्या टोकावर किंवा सिल्व्हिशच्या लाल किल्ल्यात जा. आपल्या खाडीपलीकडच्या वसई किल्ल्यात १७३९पर्यंत ज्यांचं राज्य होतं त्यांच्या समुद्रसफरींचा आरंभ या किनाऱ्यावरून झाला. फेब्रुवारीपर्यंत थांबता आलं तर बदामाची झाडं फुललेली दिसतील आणि पाऊसही ओसरू लागलेला असेल.

शाळकरी मुलं असलेल्या घरांसाठी मेचा शेवटचा आठवडा ठीक, कारण आपल्या उन्हाळी सुट्टीत तो बसतो. हवा जवळजवळ जूनसारखीच कोरडी, फक्त वसंतातली गर्दी अजून पुरती ओसरलेली नसते आणि दर चढे असतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून जूनसाठी निघणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्येच कामाला लागावं.

पुढच्या आठवड्यात ग्रीन फी आणि हँडिकॅपचं प्रमाणपत्र. तोवर एक काम करा. मनातल्या मैदानाला पत्र पाठवून दोन गोष्टी विचारा : ग्रीनवर भोकं पाडण्याचं काम कोणत्या आठवड्यात आहे, आणि पाणी कुठून येतं. जी उत्तरं येतील ती मलाही कळवा.