कसर कपड्यांना, धोका बाळाला

थंडी पडू लागली की ट्रंकेतले लोकरीचे कपडे बाहेर निघतात. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एक आजीबाई सात दिवसांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. बाळ हळदीसारखे पिवळे झाले होते, दूध ओढत नव्हते. त्याच्या शालीला डांबरगोळ्यांचा उग्र वास येत होता. "कसर लागू नये म्हणून ठेवल्या होत्या, डॉक्टर," आजी म्हणाल्या.

बाळाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविले. त्याच्या रक्तात 'जी-६-पी-डी' या द्रव्याची जन्मजात कमतरता निघाली. अशा मुलांच्या तांबड्या पेशी गोळीतल्या नॅप्थालिनच्या वाफेनेही फुटतात व कावीळ वाढते. वेळीच उपचार मिळाल्याने बाळ बचावले.

मग कसरीचे काय करावे? आधी तिला ओळखा. उडणारा छोटा सोनेरी पतंग कपडा खात नाही. खाते ती त्याची अळी. ती पांढरट, तपकिरी डोक्याची, जेमतेम एक सेंटिमीटर लांब असते. भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखे करडे, चपटे कोश सरकताना दिसतात, तीही याच कुळातील अळी. ती कोळ्याची जाळी, केस व लोकर खाते. या अळ्या चावत नाहीत, रोगही पसरवीत नाहीत.

अळीला अंधार व निवांत जागा आवडते. लोकर, रेशीम, केस, पिसे हे तिचे अन्न. सुती कपडा ती सहसा घामाचे किंवा अन्नाचे डाग असले तरच कुरतडते. म्हणून कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. मधूनमधून उन्हात घालून झटकावेत. शिवणी व घड्या ब्रशने साफ कराव्यात. शालू-पैठणीला मात्र कडक ऊन नको, सावलीत वारा द्यावा. कपाटामागची जळमटे काढावीत.

तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीही ठेवू नये. वास लागलेले कपडे धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत. मुलाने गोळी गिळल्यास उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. गोळीचे पाकीट घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा. मूल बरे दिसले तरी थांबू नका. लालसर-काळी लघवी, फिकटपणा, कावीळ ही लक्षणे एक-दोन दिवसांनीही दिसतात.

शालीला पडलेले भोक रफू करता येते. बाळाच्या जिवाशी मात्र खेळ नको.