विंडोज ११ घेताय? आधी डोंगल तपासा!

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. त्यामुळे विंडोज ११ वर गेलेल्यांना पहिला धक्का बसतो तो स्टार्ट बटणाचा. डाव्या कोपऱ्यातले बटण थेट मधोमध! टास्कबार सेटिंग्जमध्ये अलाइनमेंट ‘लेफ्ट’ केली की ते जुन्या जागी येते. राइट क्लिकचा मेन्यूही आखडला आहे. जुना मेन्यू ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये सापडतो; म्हणजे एक क्लिक वाढलीच.

हे सवयीने जमेल. खरी अडचण कोल्हापुरात लग्नपत्रिका, पावतीपुस्तके करणाऱ्या डीटीपी दुकानांची. पेजमेकर आणि डोंगलवर चालणारे जुने मराठी फॉन्ट अनेकांनी ३२ बिट विंडोजवर जपून ठेवले आहेत. विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटमध्ये येते. डोंगलचा ३२ बिट ड्रायव्हर तिथे चालत नाही. फॉन्ट गेले, तर जुन्या फाइलमधला मजकूर अगम्य चिन्हांत दिसतो.

अपग्रेड केल्यावर १० दिवसांत ‘गो बॅक’ने मागे येता येते, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण ३२ बिटवाल्यांना नवे विंडोज कोरे टाकावे लागते. त्यांना ही सोय नाही. आधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये ‘सिस्टिम टाइप’ पाहा आणि फाइल्स, फॉन्ट बाहेर काढून ठेवा.

कॉम्प्युटरमध्ये टीपीएम २.० नसेल तर लगेच नवा घ्यायलाच हवा असे नाही. घरगुती विंडोज १० ला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात.