गुटगुटीत ओंकार

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी यंदा अट घातली : “ताई, लसीकरण आणि स्तनपान सोडून काहीही लिहा.” गेली कित्येक वर्षे या पानांवर मी याच दोन विषयांची जपमाळ ओढीत आले असल्याने अट रास्तच होती. म्हणून आज अशा एका बालरुग्णाविषयी लिहिते, जो माझ्या शाखेत बसत नव्हता आणि तरीही ज्याच्यावर मी माझी शाखा चालवली.

२०२२ च्या डिसेंबरात बंगळुरूहून सुटीवर आलेल्या आमच्या चिरंजीवांनी आठ आठवड्यांचे लॅब्रडॉरचे पिल्लू घरी आणले. पंधरा दिवसांनी चिरंजीव नोकरीवर परतले, पिल्लू इंदूरलाच राहिले. त्याचे कागदोपत्री नाव ऑस्कर. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी ते बदलून ‘ओंकार’ केले आणि पिल्लानेही त्याच नावाला शेपटी हलवून मान्यता दिली. सासूबाई तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. मामंजी जाऊन चार वर्षे झाली होती. आम्ही दोघे सकाळी नऊला बाहेर पडणार ते दुपारी तीनला जेवायला येणार, पुन्हा पाचला दवाखान्यात. एवढ्या मोठ्या घरात दिवसभर त्या एकट्या असत. ओंकार आला आणि त्यांच्या दिवसाला वेळापत्रक लाभले.

त्या वेळापत्रकात काय काय होते, हे मला बऱ्याच उशिरा समजले. पिल्लांसाठीचे तयार खाद्य पाकिटावरील तक्ता पाहून मी स्वतः भांड्यात घालीत असे. त्याखेरीज सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा लिटर दूध, दुपारी तूप लावलेल्या दोन पोळ्या कुस्करून, चहाच्या वेळी ग्लुकोजची बिस्किटे, रविवारी पोह्यांतला वाटा. शिवाय मी एक पाऊल पुढे टाकले होते. बालरोगतज्ज्ञाच्या कपाटात कॅल्शियमच्या नमुन्याच्या बाटल्यांना तोटा नसतो. ‘वाढते हाड आहे’ असे म्हणून मी रोज दोन चमचे त्याच्या दुधात मिसळू लागले.

ओंकार दिसामासांनी नव्हे, तर तासातासाने वाढत होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणे, “काय गुटगुटीत आहे हो!” आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर कृतार्थता पसरे. माझ्याही, हे कबूल केले पाहिजे. १९९० च्या सुमारास एम. वाय. रुग्णालयाच्या बालविभागात आम्ही निवासी डॉक्टर म्हणून उभे राहिलो, तेव्हा झाबुआ-धारकडून येणाऱ्या कुपोषित मुलांच्या वजनात शंभर ग्रॅमची भर पडली की आम्हाला चहा गोड लागत असे. वजन वाढणे ही शुभवार्ता, हे समीकरण त्या वयात हाडीमाशी खिळले. पुढे सुदृढ बालक स्पर्धांची परीक्षक म्हणून मी कितीतरी गोबऱ्या गालांना बक्षिसे दिली. त्यांतल्या काहींची आता रक्तशर्करा तपासावी लागते, तो भाग वेगळा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओंकार लंगडू लागला. आधी पुढचा उजवा पाय, चार दिवसांनी डावा. तेव्हा तो साडेपाच महिन्यांचा होता. मी सांधे चाचपले, ताप पाहिला, काहीच उमगले नाही आणि आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले तरुण डॉक्टर. त्यांनी ओंकारला काट्यावर उभे केले : सव्वीस किलो. मग क्ष-किरण चित्रे काढली. पुढच्या पायांच्या लांब हाडांमध्ये पॅनऑस्टायटिसच्या खुणा होत्या. मोठ्या जातींच्या वाढत्या कुत्र्यांत आढळणारा आणि बहुधा आपोआप शमणारा हा हाडांचा दाह. परंतु खुब्याचे सांधेही त्यांना किंचित सैल वाटत होते. त्याबद्दल इतक्यात ठाम काही सांगता येत नाही, असे सांगून त्यांनी पेन खाली ठेवले आणि मला तोच प्रश्न विचारला, जो मी दिवसातून दहा वेळा आयांना विचारते. “घरात त्याला खायला कोण घालतं?”

मी सगळे सांगितले. कॅल्शियमचे सांगताना आवाज थोडा खाली गेला. त्यांनी रागावण्याऐवजी अदबीने मान हलवली, हे मला अधिक लागले.

त्या रात्री मी वाचायला बसले. ‘मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे’ हे आपल्या शाखेचे आद्यवचन मी विद्यार्थ्यांना शिकवते. पिल्लू म्हणजे चार पायांचे मूल नव्हे, हे मात्र मला कुणी शिकवले नव्हते. माणसाचे बाळ वर्षभरात जन्मवजनाच्या तिप्पट होते. लॅब्रडॉरचे पिल्लू जन्मतः सुमारे चारशे ग्रॅमचे असते आणि वर्षाच्या शेवटी तीस किलोंच्या आसपास पोहोचते, म्हणजे सत्तरपटीहून अधिक. या वेगाला आणखी इंधन घालण्याची आवश्यकताच नसते. उलट मोठ्या जातींत वाढ शक्य तितकी जलद होऊ देणे हाच धोका, कारण कूर्चेचे हाड होण्याआधीच तिच्यावर भार येऊन पडतो. कमी खाल्ले म्हणून अशा पिल्लाची अंतिम उंची घटत नाही. ते तिथे थोडे सावकाश पोहोचते, इतकेच.

कॅल्शियमचे प्रकरण तर मुळावरच उठणारे. गरज भागली की आतड्यांनी शोषण आवरते घ्यावे, ही यंत्रणा आपल्यात असते. पिल्लांत सहा महिन्यांपर्यंत ती पुरती तयार नसते. आहारात जितके ओताल त्याचा मोठा हिस्सा शरीरात शिरतो. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे ग्रेट डेन जातीच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियमने हाडांची घडण बिघडल्याचे दिसून आले होते. याच्या उलट टोकाला, नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांत कॅल्शियमच्या अभावाने हाडे ठिसूळ होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या संतुलित खाद्यात ते मोजून घातलेले असते, त्यावर आमच्या बाटलीचे काहीच काम नव्हते. आणखी एक गंमत : बाळाला कोवळ्या उन्हात न्या, हा माझा लाडका सल्ला येथे निरुपयोगी. कुत्र्याच्या त्वचेत सूर्यप्रकाशाने ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही. ते अन्नातूनच यावे लागते. ओंकारला मी रोज सकाळी अर्धा तास गच्चीत उन्हाला बसवीत होते!

मग हिशेब मांडला. वजनाचा पाऊण घात काढून त्याला सत्तरने गुणले की विश्रांतीच्या अवस्थेतील उष्मांकांची गरज मिळते. पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत तिच्या सुमारे तिप्पट द्यायचे, पुढे सुमारे दुप्पट. ओंकारचे त्या वयातील योग्य वजन बावीस किलो धरले, तर दिवसाला साधारण चौदाशे वीस कॅलरी. हे झाले आरंभबिंदू. खरा निर्णय पिल्लाच्या अंगलटीकडे पाहूनच घ्यायचा. आता वरखर्च पाहा : दूध तीनशे, तुपाच्या दोन पोळ्या तीनशे, सहा बिस्किटे एकशे तीस. म्हणजे दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून थोडे अधिक, आणि तेही तयार खाद्याचा पूर्ण आहार पोटात गेल्यानंतर. असा खाऊ एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा संकेत आहे. (पोह्यांतल्या कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि शिऱ्यातल्या मनुकांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी अवश्य लक्षात ठेवावे.)

एका अभ्यासाने मात्र माझी झोप उडवली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४८ लॅब्रडॉर होते, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावलेले. आठ आठवड्यांच्या वयापासून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला दिले आणि ते जन्मभर चालू ठेवले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य तेरा वर्षे, तर दुसऱ्यांचे ११.२ वर्षे. खुब्याचे आणि सांध्यांचे विकारही कमी खाणाऱ्यांत कमी आणि उशिरा. हा अभ्यास श्वानखाद्य विकणाऱ्या कंपनीनेच केलेला आहे, म्हणून मला तो अधिक विश्वासार्ह वाटतो. जवळजवळ दोन वर्षे! आम्ही तुपाच्या पोळीत कुस्करून ती ओंकारला भरवत होतो.

विज्ञान समजणे सोपे, घरात सांगणे कठीण. दुसऱ्या दिवशी जेवताना मी म्हणाले, “आई, ओंकारच्या बरगड्या हाताला लागायला हव्यात. डॉक्टरांनी त्याचं खाणं कमी करायला सांगितलंय.”

सासूबाईंनी घास खाली ठेवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बरगड्या मी पाहिल्यात गं. आमच्या बाळूच्या.”

बाळू हा त्यांचा पहिला मुलगा. १९६४ साली देवासला दीड वर्षाचा असताना गोवर झाला, त्यापाठोपाठ जुलाब लागले आणि तो गेला. घरात हे मला ठाऊक होते, जसे इतिहासातील एखादे साल ठाऊक असावे तसे. तीस वर्षे त्या घरात सून म्हणून आणि बालरोगतज्ज्ञ म्हणून वावरताना मी त्यांना त्याविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या दुपारी पहिल्यांदा विचारला. तो शेवटी काय मागत होता, किती प्याला, कुणी काय पाजू नका म्हणून सांगितले, सारे त्यांना आठवत होते. गोवरातल्या बाळाचे खाणेपिणे तोडायचे, ही तेव्हाची समजूत. त्या म्हणाल्या, “मी ऐकलं त्यांचं. आता कुणी ‘खायला देऊ नका’ म्हटलं, की माझे हातपाय गळतात.”

माझ्या दवाखान्याचा दुसरा पाळीचा वेळ झाला होता. मी तासभर उशिरा गेले.

दोन दिवसांनी मी त्यांना ओंकारजवळ बसवले. उजव्या हाताची मूठ वळायला लावून डाव्या हाताची बोटे मुठीवरच्या टेकाडांवरून फिरवली : बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा अति रोड. मग हात सरळ करून तळव्याच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी : असे लागले तर लठ्ठ. आणि मग पालथा पंजा, जिथे हाडे कातडीखाली सहज जाणवतात पण वर येत नाहीत : असे हवे. बरगड्या दिसायला नकोत, हाताला लागायला हव्यात. वरून पाहिले तर कंबर दिसावी आणि बाजूने पाहिले तर पोट मागे वर ओढलेले असावे. सासूबाईंनी ओंकारच्या छातीवरून हात फिरवला, मग स्वतःचा तळवा चाचपला. “तळव्यासारखंच आहे,” त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांना पटवावे लागले नाही.

वाढत्या पिल्लाला उपाशी ठेवून उतरवायचे नसते. स्थूल मुलांत आपण करतो तेच येथेही : वजन रोखून धरायचे आणि उंचीला त्याच्या बरोबरीने येऊ द्यायचे. दूध, पोळी, बिस्किटे, कॅल्शियम बंद. खाद्य वाटीने न मोजता स्वयंपाकघरातील काट्यावर ग्रॅममध्ये. वाटीने मोजणाऱ्याचा हात सैल सुटतो, हा जुना अनुभव. पाकिटावरचा तक्ता सरासरी कुत्र्यासाठी असतो, म्हणून दर पंधरवड्याला वजन आणि त्यानुसार फेरफार. वजनासाठी मी त्याला उचलून आमच्या काट्यावर उभी राहायची आणि माझे वजा करायचे. सव्वीस किलोंचा गडी उचलताना माझ्या कमरेने निषेध नोंदवल्यावर हे काम यजमानांकडे गेले. जिना चढ-उतार आणि उड्या काही काळ बंद, सपाट रस्त्यावर माफक फिरणे चालू.

सासूबाईंच्या हातून खाऊ घालण्याचा आनंद काढून घ्यायचा नाही, हे मात्र मी ठरवले होते. रोजच्या मापातले मूठभर दाणे आम्ही एका स्टीलच्या डबीत काढून ठेवू लागलो. त्या व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून ते एकेक करून देत, प्रत्येक दाण्याला ‘बस’, ‘थांब’, ‘पंजा दे’ असे काहीतरी करवून घेत. जोडीला गाजराचे आणि काकडीचे काप.

ओंकार अर्थातच समाधानी नव्हता. लॅब्रडॉरची भूक हा स्वतंत्र अध्याय आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रडॉरांत ‘पॉमसी’ नावाच्या जनुकातला चौदा अक्षरांचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोहोचत नाही. याच जनुकातील दोषाने काही मुलांना तान्हेपणापासून अनावर भूक आणि कमालीचा लठ्ठपणा येतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ओंकारची जनुकीय तपासणी आम्ही केली नाही. परंतु “त्याला भरल्याचं कळत नाही, तो मागतो म्हणजे उपाशी असतोच असं नाही,” हे सासूबाईंना सांगितल्यावर त्या त्याच्या केविलवाण्या डोळ्यांकडे निर्धाराने पाठ फिरवू लागल्या.

जूनपर्यंत वजन सव्वीसच्या आसपास राहिले, उंची वाढली आणि लंगडणे थांबले. वर्षाचा झाला तेव्हा तो एकतीस किलोंचा होता. पुढे खुब्यांची चित्रे पुन्हा काढली. सांधे आदर्श नाहीत, पण वजन आटोक्यात राहिले तर निभावून नेतील, असे डॉक्टर म्हणाले. आज ओंकारने तिशी-बत्तिशीची मर्यादा राखून तीन वर्षे पार केली आहेत. सासूबाई त्याची वजने आपल्या पोथीच्या मागच्या कोऱ्या पानावर तारखेनिशी लिहितात.

दुपारी चारच्या चहाबरोबर एक ग्लुकोजचे बिस्कीट अजूनही गायब होते. ते कुठे जाते हे आम्ही विचारीत नाही. त्याच्या बावीस कॅलरी मी सकाळच्या मापातून आधीच वजा करून ठेवलेल्या असतात.