निवासी डॉक्टर व्हायचे, पण कोठे?

'लातूर पॅटर्न' हा शब्द मराठवाड्यातील प्रत्येक पालकास ठाऊक आहे. बारावीनंतर नीटची शिकवणी कोठे लावावी, किती गुणांवर कोणते महाविद्यालय मिळेल, हे लातुरात व नांदेडात कोणीही सांगते. एम.बी.बी.एस. झाल्यावर मात्र सांगणारे दिसेनासे होतात. ज्या घरात आई, वडील वा काका डॉक्टर आहेत, तेथे पदव्युत्तर प्रवेशाची चर्चा जेवताना होते. ज्या घरातील पहिलीच पिढी डॉक्टर होत आहे, तेथे ती होऊ शकत नाही. आपल्या वसतिगृहातील मुले बहुधा अशाच घरांतून येतात. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एम.डी. व एम.एस. हे अभ्यासक्रम तीन वर्षांचे आहेत. एम.बी.बी.एस.नंतरची डी.एन.बी. ही पदवीही तीन वर्षांचीच असून विशेषज्ञ म्हणून काम करण्यास ती मान्यताप्राप्त आहे. या काळात विद्यार्थी रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करतो, विद्यावेतन घेतो आणि रुग्णांच्या खाटेजवळच शिकतो. पुस्तके सर्वत्र सारखीच असतात. हाताला वळण लागते ते वॉर्डात. त्यामुळे कोणत्या शाखेत शिकावे, या प्रश्नाइतकाच कोठे शिकावे, हा प्रश्नही मोलाचा आहे.

शासकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी 50 टक्के अखिल भारतीय कोट्यातून व उर्वरित राज्याच्या प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जातात. अनुसूचित जातींसाठी पहिल्यात 15 व दुसऱ्यात 13 टक्के आरक्षण आहे. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती 1990 च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातप्रमाणपत्र आणि राज्यासाठी जातवैधता प्रमाणपत्र परीक्षेपूर्वीच हाती असावे. निकालानंतरच्या धावपळीत कागदासाठी जागा गमावणे परवडणारे नाही.

पसंतीक्रम भरताना अनेकजण 'ही जागा आपल्याला मिळणार नाही' म्हणून आवडीची जागा खाली लिहितात. हा गैरसमज आहे. गुणवत्ता व प्रवर्ग पाहून, यादीत वरून खाली येताना जी जागा प्रथम उपलब्ध असेल ती दिली जाते. आवडीची जागा वर लिहिल्याने खालच्या जागेची संधी जात नाही. उलट ती खाली लिहिली आणि वरची दुसरी जागा मिळाली, तर त्या फेरीत आवडीच्या जागेचा विचारच होत नाही. मिळालेली जागा सोडण्याचे नियम पुढील फेऱ्यांत कडक होत जातात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

आता स्थळाविषयी. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरी येथे आहे. तेथे शेजारच्या जिल्ह्यांतून व तेलंगणाच्या सीमाभागातूनही रुग्ण येतात. लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, खासगी महाविद्यालयही आहे. अंबाजोगाईचे शासकीय महाविद्यालय तेथून फार दूर नाही. मुंबई-पुण्याचे नाव मोठे, म्हणून जवळचे रुग्णालय कमी दर्जाचे ठरत नाही. अवघड बाळंतपण, सर्पदंश, विषबाधा, अपघात यांचे रुग्ण येथे रोज येतात आणि निवासी डॉक्टरला हाताने काम करावे लागते. मात्र रुग्णांची गर्दी म्हणजे शिक्षण नव्हे. शेजारी उभे राहून चूक दाखविणारा अध्यापक नसेल, तर गर्दीने केवळ थकवा येतो.

म्हणून संबंधित विभागातील दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना भेटून चार गोष्टी विचाराव्यात. शस्त्रक्रिया स्वतः करावयास कधी मिळते? रात्री अडचण आली तर वरिष्ठ येतात का? विभागात पुरेसे अध्यापक आहेत का? सुटी आणि राहण्याची सोय कशी आहे? एकट्याच्या उत्तरावर विसंबू नये, दोघा-तिघांना विचारावे.

पाचवा प्रश्न आपल्या मुलामुलींसाठी टाळता येत नाही: तेथे वागणूक कशी मिळते? 22 मे 2019 रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील निवासी डॉक्टरने जीवन संपविले. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्या प्रकरणी झाला. रॅगिंगविरोधी समिती कागदावर आहे की कामात, हे प्रवेशापूर्वी जाणून घ्यावे. पालकांनीही 'सहन कर, तीनच वर्षे आहेत' असे म्हणू नये. मुलगी फोनवर गप्प झाली, तर थेट तिच्याकडे जावे.

शासकीय जागेसोबत पदवीनंतरच्या एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र येते, तसेच अभ्यासक्रमातच जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांची सेवा असते. तिला शिक्षा समजू नये. ज्या गावांतून आपण आलो, त्यांच्याच रुग्णांची ती सेवा आहे.

ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर वा केवळ गुरूच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पारखून स्वीकारा, असा उपदेश भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना केला. पसंतीक्रमाची यादी भरतानाही तोच मार्ग धरावा. आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी आज रुग्णालयांत कार्यरत आहेत, त्यांनी धाकट्यांच्या या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, ही आमची नम्र विनंती. इतरांना जे घरी मिळते, ते आपल्या मुलांना या शाळेच्या नात्यातून मिळाले पाहिजे.