कुलूप भारीतलं घेतलं, पण सेल कधी बदलणार?



कुलपाच्या बाबतीत आपला जिल्हा वेगळाच. नेवासा तालुक्यातलं शनि शिंगणापूर म्हणजे दारं-कुलपं न लावणारं गाव. जानेवारी 2011 मध्ये युको बँकेनं तिथं शाखा उघडली, तेव्हा गावाचा मान राखून काचेचं दार आणि सहज नजरेत न भरणारं, रिमोटवर चालणारं इलेक्ट्रोमॅग्नेटिक कुलूप बसवलं.

अशी चुंबकी कुलपं वीज असेपर्यंतच दार धरून ठेवतात; वीज गेली की सुटतात. म्हणून त्यांना बॅकअप बॅटरी लागते. शिर्डीच्या लॉजवर आपण लावतो त्या कार्डाच्या किंवा कोडच्या कुलपाचं बरोबर उलटं. सेल संपले की ते बाहेरून बंदच राहतं. आतला माणूस हँडल फिरवून बाहेर येतो. पण काकड आरतीहून परतलेलं कुटुंब लेकरांसह पॅसेजमध्ये उभं राहतं. तुमचं नाव तिथंच खराब होतं.

तुम्ही म्हणाल, कुलूप आधी इशारा देतंच की! देतं ना. लाल दिवा लागतो, बीप वाजतो. पण ऐकतो कोण? पाहुणा. तो सकाळी खोली सोडतो, काउंटरवर काहीच बोलत नाही. म्हणून इशाऱ्याच्या भरवशावर राहू नका, तारखेवर चाला.

कामाची पद्धत

1. महिन्यातून एकदा, साफसफाईच्या वेळी, प्रत्येक दार कार्डानं उघडून दिवा बघा.
2. सहा महिन्यांनी सगळे सेल बदला. झाकणाच्या आत तारखेची पट्टी चिकटवा.
3. बहुतेक कुलपांत चार 'डबल ए' पेन्सिल सेल लागतात. अल्कलाइनच घ्या. ते 1.5 व्होल्टचे, चार मिळून 6. रिचार्जेबल 1.2 चे, चार मिळून 4.8, कुलूप लवकरच 'बॅटरी कमी' म्हणायला लागतं.
4. चारही एकदम बदला. जुना-नवा मिसळला की जुना सेल गळायची भीती.
5. पांढरी पूड दिसली तर सेल गळालाय. हातमोजे घाला, कापसाला थोडं व्हिनेगर लावून पट्ट्या पुसा, पूर्ण सुकू द्या.
6. सेल बदलताना दार उघडंच ठेवा. कार्ड दोनदा चालवून बघा, मगच लावा. हॉटेलच्या कुलपात घड्याळ असेल तर वेळ तपासा. वेळ चुकली तर चांगलं कार्डही नाकारलं जातं.
7. काउंटरवर साधी किल्ली ठेवा. कुलपाला बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवायची सोय असेल तर तीही ठेवा.

यात धंदा कुठं आहे?

20 खोल्यांचं लॉज धरा. एका फेरीला 80 सेल, वर्षाला 160. असे पाच लॉज मिळाले तर 800 सेल. नुसते सेल विकले तर मार्जिन थोडं. पण वार्षिक करार केलात, तर सेल, मजुरी, जाण्या-येण्याचा खर्च आणि रात्री-बेरात्रीच्या फोनचे पैसे वेगवेगळे धरून दर सांगता येतो. करारात महिन्याची तपासणी कोण करणार आणि रात्री किती वेळात पोहोचणार, हे स्पष्ट लिहा. जुने सेल परत आणा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

या आठवड्यात एवढंच करा: ओळखीच्या एका लॉजवाल्याला विचारा, "शेवटचे सेल कधी बदलले?" तारीख सांगता आली नाही, तर तो तुमचा पहिला ग्राहक समजा.