घर हलते तेव्हा

धरणीकंप म्हणजे काय, हे डहाणू-तलासरीच्या लोकांना पुस्तकातून शिकवायला नको. २०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात तो त्यांच्या दारी आला. धुंदलवाडीच्या बाजूला जमिनीतून धडाड् असा आवाज यायचा. लोकांना वाटे, कोणी खाणीत सुरुंग लावला. मग फळीवरची भांडी वाजायची, कौले खडखडायची, कुत्री भुंकायची. एकदाच झाले असते, तर लोक विसरले असते. पण हे चालूच राहिले. दिवसा हादरा, रात्री हादरा. थंडीच्या दिवसांत बायामाणसे लेकरे घेऊन अंगणात निजू लागली. शाळेची मुले झाडाखाली बसू लागली. पुढे सरकारने तंबू दिले. हैदराबादच्या भूभौतिक संशोधन संस्थेने यंत्रे आणून बसवली. त्या यंत्रांनी हजारो हादरे टिपले.

असे का होते? आपल्या पायाखाली खोल काळा खडक आहे. त्या खडकाला भेगा आहेत. भेगेच्या दोन्ही बाजूंवर ताण पडत असतो. ताण सोसवला नाही की खडक सरकतो आणि जमीन हलते. इथे खडक फार खोलवर सरकत नाही. म्हणून लहान हादऱ्याचाही आवाज मोठा येतो. पावसाचे पाणी भेगांत मुरते आणि खडक सरकायला मदत करते, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. असे लहान हादरे एकामागून एक येत राहतात, त्याला हादऱ्यांची माळ म्हणता येईल.

एका पाड्यावर एका म्हातारीने मला विचारले, “गुरुजी, आता मोठा येनार का वो?”

मी म्हटले, “आजी, ते कोणालाच सांगता येत नाही.”

“मंग तुमी शिकून काय केलं?” आजी म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न खरा होता.

लातूरकडे किल्लारी म्हणून गाव आहे. तिथे १९९२ साली असेच लहान हादरे बसले. मग ते थांबले. लोक निर्धास्त झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले असताना, मोठा धक्का आला. सुमारे दहा हजार माणसे गेली. उलट, जगात पुष्कळ ठिकाणी अशी माळ लागते आणि मोठा धक्का न येताच विरून जाते. आपल्याकडे काय होईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. म्हणून “आज रात्री बारा वाजता मोठा येणार” असा निरोप मोबाईलवर आला, तर तो खोटा समजा. धरणीकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारे यंत्र अजून निघालेले नाही.

मग आपल्या हातात काय आहे? घर आहे.

किल्लारीला माणसे कशाने मेली ते पाहा. तिथली घरे जाड दगडांची, मातीत रचलेली. वर मातीचे जड माळवद. भिंत फुगली, दगड सुटले, माळवद खाली बसले. धरतीने कोणाला मारले नाही. घराने मारले.

आता आपले जुने घर पाहा. लाकडाच्या मेढी, कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचे लिंपण. हे घर हलके असते. हादरा बसला की ते डुलते, माती झडते, पण सहसा अंगावर कोसळत नाही. पुष्कळ लोक कुडाच्या घराला गरिबाचे घर म्हणून नावे ठेवतात. मला ते पटत नाही. मात्र मेढीचे बूड वाळवीने खाल्लेले असेल, तर ते घरही भरवशाचे नाही. बुडाशी काठीने टोचून पाहा. काठी आत गेली, तर मेढ बदला.

विटांचे घर चांगले, पण ते नीट बांधले तर. नुसती वीट आणि चिखल, किंवा नावाला सिमेंट, अशी भिंत धोक्याची. नवे घर बांधत असाल, तर जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली लोखंडी सळया घातलेला सिमेंटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवून घ्या. पेटीला दोरी बांधावी तसा तो घराला बांधून ठेवतो. दगडाची भिंत असेल, तर मधून मधून भिंतीच्या आरपार जाईल असा लांब दगड घाला. गवंडी म्हणेल, “कशाला खर्च?” त्याचे ऐकू नका.

आढ्याखालची त्रिकोणी भिंत आधी पडते. तिच्या पायथ्याशी अंथरूण टाकू नका. माळ्यावर पाटा, वरवंटा, जड पेट्या ठेवू नका. दारात लाकडाची मोळी नको. रात्री अंधारात दार सापडले पाहिजे.

१ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ मापाचा धक्का बसला. किल्लारीच्या धक्क्याचा जोर त्याच्या हजार पटींहून जास्त होता. म्हणजे हा धक्का तसा लहान. तरी हळदपाड्याला दोन वर्षांची एक मुलगी गेली. घर पडले नव्हते. घाईत बाहेर पळताना ती पडली आणि डोक्याला दगड लागला. आईबापांचा दोष नाही, त्या घडीला कोणीही पळेल. म्हणूनच आधी ठरवून ठेवायचे. दार दोन पावलांवर असेल, तर लेकराला उचलून कडेवर घ्या आणि मोकळ्या अंगणात जा. लेकराला हात धरून ओढू नका. दार लांब असेल, तर पळू नका. खाटेखाली किंवा मेजाखाली शिरा, डोके हातांनी झाका, हादरा थांबेपर्यंत तिथेच राहा. अंगणातून दाराच्या वाटेवर असलेले दगड आजच उचला.

हादरा थांबला की चूल विझवा, गॅसचा खटका बंद करा. गुरांचे दावे सोडा. रेशनकार्ड, आधार, सातबारा, वनपट्टा हे कागद प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र असू द्या. कोणी जखमी असेल, तर १०८ ला फोन करा.

आणखी एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही. त्याच वर्षी जुलैत, ऐन पावसात, डहाणू तालुक्यात घर पडून एक माणूस दगावला. हादऱ्यांनी सैल झालेली भिंत पावसाने भिजली की आणखी कच्ची होते. तेव्हा भिंतीला भेग दिसली, तर तिच्या टोकाशी कोळशाने आडवी रेघ मारा. शेजारी तारीख लिहा. आता लिहिता येतेच आहे. महिन्याने पाहा. भेग रेघेच्या पुढे गेली असेल, तर त्या भिंतीजवळ कोणाला निजू देऊ नका, आणि ग्रामपंचायतीत जाऊन ती तारीख दाखवा.